पहिल्यांदाच संघ निवडताय? शालेय बास्केटबॉलची निवड चाचणी अशी घ्या

शाळेने बास्केटबॉलचा संघ तुमच्याकडे दिला, नोटीस लागली आणि बारा जागांसाठी पस्तीस-चाळीस लेकरं ग्राउंडवर येणार हे नक्की झालं. आता चाचणी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक नवे प्रशिक्षक मुलांना पळवतात, प्रत्येकाला रिंगवर दहा-दहा शॉट मारायला लावतात आणि उंच मुलांच्या नावापुढे खूण करतात. अशा चाचणीत आज कोण पुढे आहे तेवढं कळतं. दोन महिन्यांच्या सरावानंतर कोण पुढे असेल हे कळत नाही, आणि शालेय वयात खरा प्रश्न तोच असतो. मराठवाड्यातल्या बऱ्याच मुलांनी सहावी-सातवीपर्यंत बास्केटबॉल हातात धरलेला नसतो. म्हणून मूल किती लवकर शिकतं हे दिसेल अशी चाचणी आखा. त्यासाठी एक दिवस पुरत नाही, दोन दिवस लागतात.

तारीख आणि वेळ

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि स्पर्धांची धावपळ ऑगस्टपासून सुरू होते. त्यामुळे जुलैचा पहिला पंधरवडा चाचणीसाठी सोयीचा. आषाढी एकादशीच्या आसपासचे दिवस मात्र टाळा. त्या दिवसांत एसटीच्या बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे जातात, गावाकडच्या फेऱ्या कमी होतात आणि खेड्यातलं मूल वेळेत पोचत नाही. घटक चाचणीचं वेळापत्रकही आधी बघून घ्या. सलग दोन दिवस मिळाले तर उत्तम, नाहीतर मध्ये एका दिवसाचं अंतर चालेल. त्याहून जास्त नको, कारण पहिल्या दिवशी शिकवलेलं दुसऱ्या दिवशी तपासायचं आहे.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. पाऊस ओढ देतो तेव्हा जुलैतही ऊन कडक पडतं आणि सिमेंटचं मैदान दहा वाजेपर्यंत तापतं. गावाकडची मुलं सकाळी पोचू शकत नसतील तर दुपारी चार ते सहा ठेवा, पण सहानंतरची शेवटची गाडी कुणाची कधी आहे हे आधीच विचारून ठेवा. मुलं आणि मुली यांच्या चाचण्या वेगळ्या घ्या. मुलींच्या चाचणीला मैदानावर शिक्षिका हजर हवी आणि स्वच्छतागृह उघडं हवं. या दोन गोष्टी नसल्या की पालक मुलींना पाठवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

नोटिशीत एवढं लिहा: तारखा, वेळ, वयोगट, किती जणांची निवड होणार, पाण्याची बाटली आणा, कॅनव्हासचे साधे बूट चालतील, निघण्याआधी तासभर काहीतरी खाऊन या. बुटांचं वाक्य गाळू नका. ते नसलं तर महागडे बूट नसलेली मुलं आपण होऊन मागे राहतात. अनवाणी मात्र कुणालाही खेळू देऊ नका. सिमेंटवर अचानक थांबताना तळव्याची कातडी सोलली जाते.

कागद आधी

नोंदणीच्या अर्जात पूर्ण नाव, इयत्ता, पालकांचा फोन आणि पालकांची सही असावी. दमा, फिट, हृदयाचा त्रास किंवा जुना अस्थिभंग आहे का, आणि घरून मैदानावर कसा येणार, हेही विचारा. जन्मतारीख मुलाने सांगितलेली धरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून लिहून घ्या. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि वयाची अचूक मुदत त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते. निवड झाल्यावर जन्मतारखेचा घोळ निघाला तर त्या मुलाचं मन मोडतं आणि स्पर्धेत तो सापडला तर अख्खा संघ अडचणीत येतो. म्हणून हे काम चाचणीच्या आधीच उरका.

बीड, जालना, परभणीकडच्या शाळांत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जाणार आहेत का, आणि गेले तर मूल कुठे राहणार? हा प्रश्न नाव कापण्यासाठी नाही. आजी-आजोबांशी किंवा वसतिगृहात बोलून मुलाच्या राहण्याची सोय लावायला वेळ मिळावा म्हणून तो जुलैमध्येच विचारायचा.

मैदान आणि सामान

आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानावर जा. रिंगचे बोल्ट हलवून बघा, जमिनीपासून रिंगची उंची टेपने मोजा. ३.०५ मीटर हवी. भराव टाकलेल्या मैदानांवर ती बऱ्याचदा दहा-पंधरा सेंटीमीटरने चुकलेली असते. लोखंडी खांबाला दोन मीटर उंचीपर्यंत जुनी गादी किंवा भरलेली पोती सुतळीने घट्ट बांधा, कारण ले-अप (पळत येऊन रिंगजवळ उडी घेऊन मारलेला शॉट) मारून मुलं सरळ तिकडेच जातात. पावसाने शेवाळ धरलेला भाग खराट्याने घासून काढा. सकाळी मुलं येतील तेव्हा बुटांना काळ्या मातीचा चिखल असेल. मैदानाच्या कडेला एक ओलं पोतं टाका आणि बुटांचे तळ पुसूनच आत सोडा. घोटे मुरगळण्याचं मोठं कारण तो चिखल असतो.

पुसल्या गेलेल्या रेषा खडूने किंवा फक्कीने ठळक करा. फक्की ओल्या सिमेंटवर घसरते, तेव्हा ती अगदी पातळ मारा.

चेंडूचा आकार बघा. मुलांसाठी ७ नंबर, मुलींसाठी ६ नंबर. बारा वर्षांखालच्या लहानग्यांना ५ नंबर द्या. हवा तपासायला चेंडू १.८ मीटरवरून सोडा. उसळून त्याचा तळ साधारण एक मीटरपर्यंत आला तर हवा ठीक. कमी हवेच्या चेंडूवर ड्रिबल करणारं, म्हणजे एका हाताने टप्पे देत चेंडू नेणारं मूल विनाकारण कच्चं दिसतं.

३६ मुलांसाठी नऊ चेंडू पुरतात. सहाच असले तरी काम होतं, ते पुढे सांगतो. आणखी लागेल ते असं: दहा-बारा शंकू (नसतील तर पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटल्या), दोन रंगांचे बिब (संघ ओळखू यावेत म्हणून कपड्यांवरून घालायच्या बंड्या), दोन शिट्ट्या, एक घड्याळ, लिहायचे पॅड, पाण्याचे वीस लिटरचे तीन जार, ओआरएसची पाकिटं (एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी-जास्त नाही), बर्फ आणि क्रेप बँडेज. मैदानाजवळ सावली नसेल तर ताडपत्री बांधा.

छातीवर लावायच्या नंबरांकडे थोडं लक्ष द्या. कागदावर लिहिलेले नंबर घामाने पंधरा मिनिटांत फाटतात. जुन्या पांढऱ्या कापडाचे वीतभर तुकडे करा, त्यावर जाड मार्करने नंबर लिहा आणि छातीवर व पाठीवर असे दोन्हीकडे लावा. गुण देणाऱ्याला मूल निम्मा वेळ पाठमोरंच दिसत असतं. नंबर येईल त्या क्रमाने न देता चिठ्ठ्या काढून द्या. गुणपत्रकावर फक्त नंबर, नाव नाही. लहान गावात प्रत्येक आडनाव ओळखीचं असतं आणि आडनाव दिसलं की डोळा नकळत सैल किंवा कडक होतो.

माणसं

तुम्ही एकटे ही चाचणी घेऊ शकणार नाही. पहिल्या दिवशी चार केंद्रं असतील, म्हणजे एकेक कौशल्य तपासायच्या चार जागा. ती चालवायला चार जण लागतात. जुने खेळाडू किंवा अकरावी-बारावीची मुलं हे काम चांगलं करतात. गुण देणारे दोन जण वेगळे. त्यांच्या हातात शिट्टी द्यायची नाही आणि त्यांनी मुलांना सूचनाही द्यायच्या नाहीत, फक्त बघायचं आणि लिहायचं. तुम्ही स्वतः घड्याळ आणि एकूण शिस्त सांभाळा. दोघा परीक्षकांनी शेवटपर्यंत आपापसात गुणांबद्दल बोलायचं नाही. एकाने "तो सतरा नंबर भारी आहे" म्हटलं की दुसऱ्याचा आकडा तिथेच बदलतो.

गुणपत्रक

रकाने सहाच ठेवा. पंधरा रकान्यांचं पत्रक घेऊन उभा राहिलेला माणूस कागदात बघत राहतो, मुलाकडे त्याचं लक्षच जात नाही. पहिल्या दिवसाचे चार रकाने: चेंडू हाताळणं, पास आणि झेल, ले-अपची पावलं, बचाव. प्रत्येकी ५ गुण. दुसऱ्या दिवसाचे दोन: खेळातली समज आणि शिकवलेलं किती टिकलं. प्रत्येकी १० गुण. एकूण ४०, आणि त्यातले निम्मे दुसऱ्या दिवसाचे.

आकड्यांचा अर्थ आधी ठरवून पत्रकाच्या डोक्यावर लिहा. १ म्हणजे जमत नाही. ३ म्हणजे समोर कुणी नसताना जमतं. ५ म्हणजे अंगावर कुणी आलं तरी जमतं. २ आणि ४ मधल्यांसाठी. दहाच्या रकान्यात हेच आकडे दुप्पट करा. सुरुवातीच्या दोन-तीन मुलांना नुसतं बघा, गुण नंतर द्या. नाहीतर पहिल्यांना कडक आणि शेवटच्यांना सैल गुण पडतात.

पहिला दिवस

नोंदणीच्या वेळी भिंतीवर टेप चिकटवून बूट काढून उंची मोजा. त्याच जागी टाचा न उचलता एक हात सरळ वर करायला सांगून पोहोचही मोजा. एका मुलाला वीस सेकंद लागतात. बास्केटबॉलमध्ये नुसत्या उंचीपेक्षा पोहोच जास्त कामाची असते. सारख्याच उंचीच्या दोघांत तिचा सात-आठ सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. हे आकडे गुणांत धरायचे नाहीत, शेजारी लिहून ठेवायचे.

दहा मिनिटं अंग गरम करून घ्या. मग नऊ-नऊ मुलांचे चार गट करा. प्रत्येक केंद्रावर दहा मिनिटं आणि बदलायला दोन. सगळं अठ्ठेचाळीस मिनिटांत आटोपतं.

चेंडू हाताळण्याच्या केंद्रावर तीन चेंडू द्या. बाजूच्या रेषेलगत पंधरा मीटर जाताना उजव्या हाताने आणि येताना डाव्या हाताने ड्रिबल करायचं. पलीकडे उभा असलेला मदतनीस बोटं दाखवतो आणि मुलाने ड्रिबल करत असतानाच आकडा ओरडून सांगायचा. मान वर राहते का, हे यातच दिसतं. इथे वेळ मोजू नका. घड्याळ लावलं की मुलं चेंडू पुढे ढकलून त्याच्या मागे पळतात आणि तुम्ही चेंडू हाताळणं सोडून धावणं मोजत बसता.

पास-झेलच्या केंद्रावर चार चेंडू, जोड्या चार मीटर अंतरावर, एका गटात तिघं. छातीवरून पास, मग टप्पा पास. बघायचं आहे ते झेलणाऱ्याकडे. हात आधीच तयार आहेत का, चेंडू बाजूला आला तर पाय हलतात की नुसते हात लांब होतात? सहाच चेंडू असतील तर इथे तिघा-तिघांचे तीन गट करा. तीन चेंडू इथे, दोन ड्रिबलला आणि एक ले-अपला.

ले-अपला दोन चेंडू. उजवीकडून पाच, डावीकडून पाच. बास्केट पडलं की नाही हे मोजू नका, पावलं बघा. उजव्या बाजूने उजवं पाऊल, डावं पाऊल, उडी. डावीकडून उलट. पावलं बरोबर पडत असतील तर चेंडू बोर्डावर नीट लावायला पंधरवड्यात शिकवता येतं. चुकीच्या पायावर उडी मारून सातत्याने बास्केट करणाऱ्या मुलाची सवय मोडायला अख्खा हंगाम जातो.

बचावाच्या केंद्रावर चेंडू लागत नाही. दोघं समोरासमोर. एकजण वाकडातिकडा पळतो, दुसरा त्याच्यापुढे राहतो. कंबर खाली आहे का, पाय एकमेकांत अडकतात का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे पडल्यावर तो पळत परत पुढे येतो की सोडून देतो. खो-खो खेळणारी मुलं इथे हटकून उठून दिसतात. मराठवाड्यात हा खेळ खोल रुजलेला आहे, धाराशिवच्या सारिका काळे यांना त्यातच २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. एका पावलात दिशा बदलण्याची खो-खोतली सवय बास्केटबॉलच्या बचावाला थेट उपयोगी पडते. अशा मुलांचं ड्रिबल कच्चं दिसलं तरी त्यांना हलक्यात घेऊ नका.

लांबून शॉट मारण्याची परीक्षा ठेवू नका. कमरेपासून चेंडू फेकून कसाबसा रिंगपर्यंत पोचवणाऱ्या मुलाचे दोन शॉट योगायोगाने पडतात आणि परीक्षकाच्या डोक्यात तेच राहतात.

शेवटची पंधरा मिनिटं शिकवण्याची. एकच गोष्ट शिकवा: पास देऊन घुसणं. पास दिल्यावर जागेवर उभं राहायचं नाही, समोरच्या बचावपटूच्या पुढून रिंगकडे झेपावायचं आणि हात पुढे करून चेंडू परत मागायचा. आधी करून दाखवा, मग बचावपटूशिवाय, मग बचावपटू ठेवून करून घ्या. कुणी कोणता प्रश्न विचारला आणि चूक सांगितल्यावर पुढच्याच खेपेला कुणी बदल केला, त्याची खूण करून ठेवा.

दुसरा दिवस

अंग गरम झाल्यावर कालचंच पास देऊन घुसणं करायला सांगा, पण पुन्हा समजावू नका. कुणाला आठवतं, कुणी घरी जाऊन अंगणात करून बघितलं, हे पहिल्या पाच मिनिटांत उघड होतं. दहा गुणांच्या रकान्यातला मोठा भाग इथेच भरतो.

त्यानंतर तासभर तिघा-तिघांचे सामने. पहिल्या दिवसाच्या गुणांवरून ३६ जणांचे वरचे बारा, मधले बारा आणि खालचे बारा असे भाग पाडा. प्रत्येक संघात तिन्ही भागांतला एकेक घ्या. असे बारा संघ होतात. दोन्ही रिंगवर अर्ध्या मैदानात एकेक सामना चालेल, म्हणजे एका वेळी चार संघ खेळतील. सामना चार मिनिटांचा, बदलायला एक मिनिट. सगळ्यांची एक फेरी पंधरा मिनिटांत संपते, चार फेऱ्यांना एक तास. प्रत्येकाला बरोबर सोळा मिनिटं खेळायला मिळतात. प्रत्येक फेरीला संघ बदला. तेच तिघं एकत्र राहिले तर एकाच्या चुकीचा दोष दुसऱ्याच्या गुणांवर पडतो.

पहिल्या फेरीत ड्रिबल बंद, फक्त पास. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन टप्पे. शेवटच्या दोन फेऱ्या मोकळ्या. ड्रिबल बंद असलं की एकच मूल चेंडू अडवून धरू शकत नाही, शांत मुलांच्याही हातात चेंडू येतो, आणि चेंडू नसताना कोण मोकळ्या जागेत सरकतं ते दिसतं. खेळातली समज म्हणजे मुख्यतः हेच. धक्का आणि ओढाओढ कडकपणे थांबवा. चेंडू हातात धरून एखादं जास्तीचं पाऊल पडलं तर नवख्यांसाठी दर वेळी शिट्टी वाजवू नका, नाहीतर सोळापैकी आठ मिनिटं शिट्टीतच जातात.

बसलेल्या संघांना पाणी पाजा. कुणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटली तर त्याला लगेच सावलीत नेऊन बसवा, मान आणि काखेवर ओला रुमाल ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नका. मूल बरळायला लागलं किंवा बेशुद्धीकडे गेलं तर वाट न बघता दवाखाना. त्याची गाडी आणि फोन नंबर आधीच ठरवून ठेवा.

उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत ज्यांच्याबद्दल शंका आहे अशा दहा-पंधरा जणांनाच पाच-पाचच्या पूर्ण सामन्यात खेळवा. ज्यांचे गुण दोन्ही परीक्षकांत दोन किंवा जास्त आकड्यांनी वेगळे आले, तेही यात हवेत. पक्के निवडलेले आणि अजून बराच सराव लागणारे इथे नकोत. आता दमल्यावर मागे परत पळणारं मूल दिसेल. वेगळी धावण्याची चाचणी घ्यायची गरज नाही.

बारा नावं

दोघांच्या गुणांची सरासरी काढून यादी लावा. वरची सात-आठ नावं बहुधा आपोआप ठरतात. खरा विचार आठव्या ते सोळाव्या नावांत करायचा. तिथे एका गुणाच्या फरकाला अर्थ नसतो. टिपणं वाचा, एकमेकांशी बोला, हवं तर दुसऱ्या दिवसाच्या रकान्यांना जास्त मान द्या.

वाढीचं भान ठेवा. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलं तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात. १४ वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं आणि मोठा मुलगा हमखास सरस वाटतो. म्हणून यादीत जन्ममहिना शेजारी लिहा. नुकतीच उंची वाढलेलं, हातापायांचा मेळ अजून न बसलेलं मूल पुढच्या वर्षीचा कणा असू शकतं. अशांसाठी बारांपैकी जास्तीत जास्त दोन जागा ठेवा, त्याहून जास्त ठेवल्या तर आज मेहनतीने पुढे आलेल्यांवर अन्याय होतो. या वयात कुणाला 'सेंटर' (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आणि कुणाला 'गार्ड' (बाहेरून चेंडू खेळवणारा) असं ठरवूनही टाकू नका.

बारांशिवाय चार मुलं सरावाला ठेवा. सोळा जण असले की आठ-आठच्या दोन रिंगांवर सराव नीट चालतो, आणि आजारपण, परीक्षा, घरची कामं यांमुळे कुणी गळालं तर तयार मूल हाताशी असतं.

निकाल सांगताना

यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका आणि फळ्यावरही आधी लावू नका. न निवडलेल्या प्रत्येकाशी दोन मिनिटं एकट्याने, पण इतरांना दिसेल अशा उघड्या जागी बोला. वीस मुलं म्हणजे पाऊण तास. तेवढा वेळ राखून ठेवा. सांगणं सरळ असू द्या: "यंदा बारात तुझं नाव नाही बाळा. तुझा बचाव चांगला आहे, मागे पडल्यावर तू पळत आलास ते मी बघितलं. डाव्या हाताने ड्रिबल होत नाही. रोज दहा मिनिटं भिंतीजवळ कर. शनिवारी सकाळी ग्राउंड उघडं असतं, ये." एक चांगली गोष्ट, एक कमी, आणि पुढे काय करायचं. "बघू पुढच्या वर्षी" एवढंच ऐकून गेलेलं मूल बहुधा पुन्हा येत नाही.

पालक येतील. "सर, आमच्या लेकराला का नाही घेतलं?" विचारतील. त्यांना बसवा, पाणी द्या, त्यांच्या मुलाचं गुणपत्रक आणि रकान्यांचा अर्थ दाखवा. दुसऱ्या कुणाचे गुण दाखवू नका आणि दुसऱ्या मुलाशी तुलनाही करू नका. संस्थेतून किंवा गावातल्या वजनदार माणसाकडून फोन आला तरी उत्तर तेच: दोन परीक्षक, नंबरांवर दिलेले गुण, सह्या केलेली पत्रकं मुख्याध्यापकांकडे. म्हणूनच ती पत्रकं चाचणी संपल्याच्या दिवशीच सह्या करून मुख्याध्यापकांकडे द्या आणि झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावा. दिवाळीच्या सुट्टीआधी तीच काढून निवडलेल्या सोळा जणांची चारही केंद्रं पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. त्यातून कोणत्या मुलाला कशाचा सराव कमी पडतोय ते कळेल, आणि पुढच्या जुलैत कोणता रकाना बदलायचा तेही.